शेवटच्या आठवड्यात किती किलोमीटर मारायचे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. शिमल्याकडच्या एमटीबी (माउंटन बाइक) रेसला निघालेलं कुणीही भेटलं की पहिला प्रश्न हाच, आणि माझं उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. नेहमीच्या निम्मे मारा. आता सिंहगड कितीही वेळा चढलात तरी त्याचा फायदा रेसला मिळणार नाही, केलेली मेहनत अंगात मुरायला दीड-दोन आठवडे जातात, थकवा मात्र दुसऱ्याच दिवशी दिसतो. पण सायकल साफ बंद पण नका करू हां, पाय जड होतात. तासाभराची राइड, त्यात दोन-चार चढ दम लागेपर्यंत जोरात, की घरी.

वाचलेला वेळ सायकलला द्या. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट, म्हणजे पंक्चर आपोआप बुजवणारं द्रव, आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांत सुकतं, चाक कानाशी धरून हलवा, आत डबडब ऐकू आलं पाहिजे. ब्रेक पॅड बदलायचे तर आत्ताच बदला, आणि मग एखाद्या मोकळ्या उतारावर वेग घेऊन ब्रेक दाबायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग, असं पंधरा-वीस वेळा करा, नवे पॅड डिस्कवर (चाकाच्या मधल्या ब्रेकच्या चकतीवर) बसल्याशिवाय नीट धरतच नाहीत. तिकडचा जलोरी पास ३,१२० मीटरवर आहे, तिथून खाली येताना कुणाचेही ब्रेक कच्चे असू नयेत असं मला मनापासून वाटतं.

पॅकिंग करताना चाकं काढलीत की कॅलिपरमध्ये (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागात) दोन पॅडच्या मधे जाड पुठ्ठ्याची घडी सारा. प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात, पॅड जवळ येऊन चिकटतात आणि तिथे पोचल्यावर डिस्क आत जातच नाही. मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) सोडवून, फोममध्ये गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधा. आणि एक जादाचा हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, घ्याच घ्या! तो फ्रेमप्रमाणे वेगळा असतो, ऐनवेळी शिमल्यात काय, पुण्यातही मिळेल याची खात्री नाही.

शिमलाच २,२०० मीटरच्या आसपास, आपलं पुणं साडेपाचशेवर, त्यामुळे जमलं तर दोन-तीन दिवस आधी पोचा. सुरुवातीला जिना चढतानाही धाप लागते, घाबरू नका, पाणी पीत राहा.

खाण्याचं म्हणाल तर शेवटचे दोन दिवस भात, बटाटा, केळी, पोहे. वजनाच्या दर किलोमागे रोज ८ ते १० ग्रॅम कार्ब्ज धरतात, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५२० ते ६५० ग्रॅम, ते नुसत्या भाताने भरत नाही म्हणून गूळ, लिंबू सरबत पण चालू ठेवा. उसळी आणि कोशिंबिरी तेवढे दोन दिवस बाजूला. आदल्या रात्री झोप कुणाला फारशी येत नाही, त्याच्या आधीच्या रात्रीची मात्र भरपूर काढा.

फोर्कमध्ये (पुढच्या सस्पेन्शनमध्ये) हवा किती ठेवायची ते वजनावर आहे, तुमचं वजन आणि फोर्क कुठला ते कळवा, मग त्याचं वेगळं सांगतो.