विंचवाचा ठणका आणि विंचवाचा धोका

माण, खटाव, आटपाडी, जत या कोरडवाहू पट्ट्यात वळवाचा पाऊस झाला की दगडी ताली, कडब्याच्या गंजी आणि रचून ठेवलेल्या शेण्या यांतून विंचू बाहेर पडू लागतात, आणि त्यांच्याबरोबर विंचू उतरवणाऱ्यांकडची वर्दळही वाढते. त्या माणसांच्या हाताला गुण आहे, असे आमच्या म्हसवडकडे आजही सांगितले जाते. हा गुण येतो कुठून, याचे उत्तर विंचवाच्या विषावरील संशोधनात चांगले सापडते.

मोठ्या नांग्यांची, दिसायला भयंकर अशी काळी इंगळी फारशी घातक नसते. जीव घेतो तो तांबडा विंचू, शास्त्रीय नावाने हॉटेन्टोटा टॅम्युलस. तो आकाराने लहान असतो आणि त्याच्या पुढच्या नांग्या बारीक असतात. त्याच्या विषातील छोटी प्रथिने मज्जापेशींच्या आवरणातील सोडियमच्या मार्गिकांना, म्हणजे सोडियम आत येण्याच्या वाटांना, चिकटतात आणि उघडलेले दार मिटूच देत नाहीत, त्यामुळे मज्जातंतू एकामागून एक संदेश सोडत राहतात.

शरीरात पुढे जे घडते ते दोन टप्प्यांत. प्रथम उलट्या, दरदरून घाम, तोंडाला सुटलेली लाळ आणि पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता. त्यानंतर ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन या संप्रेरकांचा लोंढा रक्तात येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात, आणि या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकले की फुप्फुसांत पाणी साचते. लहान मुलांमध्ये हे सारे काही तासांतच होऊ शकते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेदनेसंबंधीची नोंद. ज्याला असह्य ठणका आहे, पण अंग कोरडे आणि हातपाय उबदार आहेत, तो रुग्ण बहुधा सुरक्षित असतो. उलट ज्याच्या शरीरभर विषाचा परिणाम झाला आहे, त्याला दंशाच्या जागी फारसे दुखतही नाही. शेण्या काढताना आमच्या आत्याच्या बोटाला विंचू चावला तेव्हा ती मनगट धरून रात्रभर कण्हत होती, फुंकर मारत होती, पण तिचा हात गरम होता आणि कपाळावर घामाचा थेंब नव्हता. पहाटे ठणका आपोआप ओसरला आणि श्रेय अंगारा लावणाऱ्याला मिळाले. अशा रुग्णांत गुण येणारच. घामाने निथळणारे, गार पडलेले आणि शांत झालेले मूल मात्र ‘उतरले’ असे समजून घरी नेले जाते, हा यातला खरा घात आहे.

ही लक्षणे रुग्णाच्या उशाशी बसून टिपली ती डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी, १९७६ पासून रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला. हृदयावरील परिणामाची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांवरील त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यानंतर १९८६ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी त्याच नियतकालिकात प्राझोसिनचा अनुभव मांडला. मुळात रक्तदाबावरची ही स्वस्त गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे विषाने जे केले ते नेमके उलटवते. त्यांच्या नोंदींनुसार गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी सुमारे ४० टक्के होते, ते १ टक्क्यापर्यंत उतरले. एकेकाळी सर्रास दिले जाणारे ॲट्रोपिन मात्र हृदयाची गती आणखी वाढवून अपायच करते, हेही याच अभ्यासातून पुढे आले.

गोळी दिल्यावर रुग्णाला झोपवूनच ठेवावे लागते, कारण पहिल्या मात्रेनंतर उठून बसल्यास रक्तदाब एकदम कोसळू शकतो. सुधारणा होऊ लागली की हातपाय उबदार होतात आणि दंशाच्या जागी ठणका पुन्हा सुरू होतो. नातेवाईक घाबरतात ते नेमके याच वेळी.

हाफकिन संस्थेची प्रतिविष लस, म्हणजे दंशानंतर टोचायचा विषावरचा उतारा, आल्यावर प्रश्न उरला तो गोळी पुरेशी की लसही हवी. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या बावस्करांच्या चाचणीत ७० रुग्ण होते: दोन्ही औषधे मिळालेले सरासरी ८ तासांत सावरले, तर केवळ प्राझोसिन मिळालेल्यांना १७.७ तास लागले. लस लवकर देण्याला अर्थ आहे, कारण रक्तात फिरणारे विष ती निष्प्रभ करते, एकदा मार्गिकांना चिकटलेले विष सोडवणे मात्र अवघड असते. तरीही वाडीवस्तीवरून तालुक्याच्या गावी पोहोचण्यात जो वेळ जातो तो पाहता, जवळच्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन हाताशी असणे आणि ते कोणाला द्यायचे हे घाम व गार हातपाय पाहून ओळखता येणे, या दोन गोष्टी मला लसीच्या आधीच्या वाटतात.