गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे!

आज घोडबंदर रोडवरची एक गाडी. आवाज वाढवला की दारातले साडेसहा इंची स्पीकर फाटके वाजायचे. स्पीकर ठणठणीत, अँप्लिफायरचा (अँपचा) गेन, म्हणजे स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी अँप जुळवायची खुंटी, मात्र शेवटपर्यंत पिळलेला, वर बास बूस्ट. क्लिपिंग होणारच, म्हणजे अँपची ताकद संपून आवाजाच्या लहरींचे शेंडे छाटले जाणार!

स्पीकरच्या वायरी सोडवल्या. बूस्ट, इक्वलायझर शून्यावर, फिल्टर बंद, स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमला, 50 हर्ट्झचा टोन. (बरेच साधे मल्टिमीटर 1 किलोहर्ट्झला चुकीचं दाखवतात.) अँपची आरएमएस (सतत देता येणारी) ताकद 50 वॅट गुणिले स्पीकरचे 4 ओहम म्हणजे 200, त्याचं वर्गमूळ 14.1: गेन वाढवत जाताना अँपच्या आउटपुटला मल्टिमीटरवर एसी 14.1 व्होल्ट दिसले की गेन तिथेच सोडायचा. मग वायरी जोडून हायपास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) 80 हर्ट्झवर, कारण त्याखालचा बास स्पीकरच्या एवढ्याशा कोनला झेपत नाही.

तरी डाव्या दारात खरखर होतीच. दाराच्या आतल्या पॅडची एक क्लिप तुटलेली निघाली. नवी बसवली, मागे फोमची पट्टी लावली.