इंजिन बसलं, पण गाडी ओळख दाखवेना

ठाण्याची वागळे इस्टेट असो की नवी मुंबईतली रबाळे-महापेची एमआयडीसी, लेथवाला, वेल्डर आणि चेन ब्लॉक (इंजिन उचलायची साखळीची कप्पी) या तिन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर मिळतात. मारुतीच्या एस्टीममध्ये जुन्या बलेनोचं १६०० सीसीचं इंजिन टाकायचं होतं त्या काळात एवढी सामग्री पुरायची. आज त्याच हिशेबाने स्विफ्टमध्ये ब्रेझाचं दीड लिटरचं इंजिन टाकायला घेतलं, तर ते दोन दिवसांत बसेलही. पण चावी फिरवली की एकतर पेटणारच नाही, नाहीतर पेटून लगेच बंद पडेल. पुढचे दोन महिने कशात जातात, ते या पोस्टमध्ये.

२०१८ ते २०२० मधल्या स्विफ्टचंच उदाहरण धरू. के१२एम इंजिन ११९७ सीसीचं: बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७१.५. २०२० च्या ब्रेझाचं के१५बी १४६२ सीसीचं: बोअर ७४, स्ट्रोक ८५. म्हणजे वाढ जवळजवळ सगळी स्ट्रोकमध्ये. ताकद ८३ पीएसवरून (पीएस म्हणजे अश्वशक्ती) १०५ वर जाते, टॉर्क ११३ वरून १३८ न्यूटन-मीटरवर. गायमुखच्या चढावर माणसं आणि एसी घेऊन जाताना जाणवतो तो हा टॉर्क. पीएसचा आकडा मित्रांना सांगायला.

पहिला नियम: नुसतं इंजिन विकत घेऊ नका. मागून ठोकलेली, पुढून शाबूत असलेली अख्खी गाडी मिळाली तरच या फंदात पडा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला इंजिन मिळतं, पण बहुतेक वेळा वायरिंग कटरने कापलेलं असतं, आणि तुम्हाला नेमकं तेच हवं असतं. ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक), पूर्ण इंजिन हार्नेस म्हणजे वायरिंगचा जुडगा फ्यूज बॉक्ससकट, बॉडी कंट्रोलर (दिवे-लॉक सांभाळणारा डबा), इमोबिलायझर (चावी ओळखणारं चोरीविरोधी यंत्र) आणि त्याच गाडीची चावी, ॲक्सिलरेटर पेडल, डॅशबोर्डचा मीटर, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर, कॅटसकट (धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर) डाउनपाइप, एसी कॉम्प्रेसर, रेडिएटर-फॅन, गिअर बॉक्स, दोन्ही एक्सल. यातला एखादा भाग नंतर सुटा शोधायला गेलात, तर पार्ट नंबरचं शेवटचं अक्षर जुळत नाही म्हणून आठवडा जातो.

गाडी निवडताना एक खाचखळगा आहे. के१५बी अर्टिगा आणि सियाझमध्येही आहे, पण तिथे माइल्ड हायब्रिड येतं: अल्टरनेटरच्या जागी स्टार्टर-जनरेटर, वेगळा बेल्ट टेन्शनर आणि दुसरी लिथियम बॅटरी. ही बॅटरी बसवली नाही तर ईसीएम ती शोधत राहतो आणि बिघाडाचे कोड टाकत राहतो. २०२० ची पेट्रोल ब्रेझा मॅन्युअलमध्ये हायब्रिडशिवाय आली होती. तीच बघा.

विकणाऱ्याकडून बिल, रद्द झालेल्या आरसीची प्रत आणि चासी नंबर घ्या. चोरीच्या गाडीचं इंजिन आपल्या बोनेटखाली असणं ही गंमत नाही.

आणि कायद्याचं आत्ताच बोलून टाकू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. एमएच-०४ असो वा एमएच-४३, इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही बदलल्यावर ‘बघू, करून घेऊ’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. म्हणून पुढचं सगळं ट्रॅकवर चालवायच्या, ट्रकवर चढवून न्यायच्या गाडीसाठी आहे असं समजा.

आता बसवणं. जुनं इंजिन काढण्याआधी तीन मापं लिहून ठेवा: क्रँक पुलीपासून चासी रेलपर्यंत, गिअर बॉक्सच्या टोकापासून दुसऱ्या रेलपर्यंत, आणि ऑइल चेंबरच्या तळापासून जमिनीपर्यंत. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. चेंबर क्रॉसमेंबरच्या (खालच्या आडव्या पट्टीच्या) खाली उतरला, तर पहिलाच मोठा खड्डा तो फोडेल. लांब स्ट्रोकचं इंजिन उंचीला वाढतं, त्यामुळे बोनेटही तपासायचं. हेडवर आणि इनटेकवर कणकेचे गोळे ठेवा, बोनेट हळू बंद करून उघडा, दबलेली कणीक मोजा. २५ मिमीपेक्षा कमी असेल तर इंजिन खाली घ्या, बोनेट कापू नका. क्लच सोडताना इंजिन रबरावर चांगलंच डोलतं, उभ्या गाडीतली जागा फसवी असते.

फाउंडेशनचं (इंजिन ज्या रबरांवर बसतं त्याचं) ब्रॅकेट बनवताना गिअर बॉक्स आधी पक्का करा, मग इंजिन त्याला जुळवा. उलटं केलं की एक्सलचा कोन बिघडतो. एक्सल जुळले का हे बघण्याची पद्धत सोपी: आतल्या जॉइंटजवळ शाफ्टवर पेनने खूण करा, गाडी जॅकवर घेऊन चाक पूर्ण लोंबू द्या, मग जॅक चाकाखाली घेऊन पूर्ण दाबा. दोन्ही टोकांना जॉइंटला आत-बाहेर सरकायला थोडी जागा उरलीच पाहिजे. आत टेकला तर खड्ड्यात डिफरन्शियलची बेअरिंग जाते. बाहेर निघाला तर गाडी टोचन करून आणायची. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट मोठ्या इंजिनाचीच घ्या, मात्र इनपुट शाफ्टचे दात मोजून. जुनी प्लेट २५ न्यूटन-मीटर जास्तीचा टॉर्क काही महिने सोसते, मग चौथ्या गिअरमध्ये घसरते.

इथवर हत्यारांचं काम. खरी डोकेदुखी आता.

आजच्या गाडीत ईसीएम फक्त पेट्रोल आणि स्पार्क सांभाळत नाही. इंजिन किती फिरतंय, पाणी किती तापलंय, पेडल किती दाबलंय, हे सगळं तो कॅन बसवर, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या दोन तारांवर, बोलत राहतो, आणि बाकीचे डबे म्हणजे गाडीतले इतर छोटे संगणक ऐकत असतात. स्टिअरिंगच्या मोटरला आरपीएम कळला नाही तर ती मदतच देत नाही. पार्किंगमध्ये गाडी हातगाडीसारखी जड होते. एबीएसला इंजिन दिसलं नाही तर दिवा लागतो. एसीचा कॉम्प्रेसर आणि रेडिएटरचा फॅन चालू करायचा की नाही हेही ईसीएमच ठरवतो. म्हणून ‘ईसीएमऐवजी रेसिंगचा वेगळा ईसीयू टाकतो’ म्हणणाऱ्याचं इंजिन सुंदर चालतं आणि बाकीची गाडी मुकी होते. मग दोघांमध्ये भाषांतर करणारा डबा लागतो, आणि प्रत्येक संदेशाचा अर्थ शोधणारा माणूस. ठाण्यात वेल्डर शंभर मिळतील, असा माणूस एखादाच.

इमोबिलायझरचं तर आणखी सरळ आहे: चावी, बॉडी कंट्रोलर आणि ईसीएम एकमेकांना ओळखत नसतील तर इंजेक्टर उघडणार नाहीत. मीटरमधला चावीचा दिवा लुकलुकतो. तिन्ही एकाच गाडीतून आणले तर हा प्रश्न मुळातच उरत नाही; अख्खी गाडी घ्या म्हणण्याचं अर्धं कारण हेच. मीटर बदलला की किलोमीटरचा आकडाही बदलतो, तेव्हा आधीचा फोटो काढून लिहून ठेवा.

वायरिंग जोडून झालं की चावी लावण्याआधी बॅटरी काढा आणि ओबीडी कपलरच्या (स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मल्टीमीटरने रोध मोजा. ६० ओहम हवा. बसच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध समांतर असतात, म्हणून ६०. १२० आला तर एक टोक सुटलंय. ४० आला तर जुना आणि नवा, दोन्ही डबे जोडून तुम्ही तिसरा रोध घातलाय. शून्याजवळ आला तर कुठेतरी तारा चिकटल्यात. हे पाच मिनिटांचं काम न करता स्कॅनर लावला, तर यू०१०० म्हणजे ईसीएमशी संपर्क नाही एवढंच दिसतं आणि चांगला ईसीएम खराब ठरवला जातो. कॅनच्या दोन तारा पिळलेल्याच ठेवा. जोड क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) त्यावर गोंदवाली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) लावा. इंजिनजवळ नुसतं सोल्डर केलेली तार थरथरून सोल्डरच्या कडेलाच तुटते.

अर्थिंग हा सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा. स्टार्टर मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी बदला आणि रंग खरवडून बसवा. भुतासारखे येणारे-जाणारे निम्मे कोड इथे सुटतात.

टाकीतून इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपाची लोक उगाच काळजी करतात. १०५ पीएस म्हणजे ७७ किलोवॅट. किलोवॅट-तासाला साधारण ३०० ग्रॅम धरलं तर पूर्ण दाबून ताशी ३१ लिटरच्या आसपास. धडधाकट मूळ पंप एवढं देतो. गेज लावून दाब टिकतो का ते भारावर बघा, बस. इंजेक्टर मात्र मोठ्या इंजिनाचेच.

सायलेन्सरच्या वेल्डिंगकडे जास्त लक्ष द्या. पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सुईएवढं भोक राहिलं तरी धुराच्या लाटांमधल्या खेचीने बाहेरची हवा आत येते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, ईसीएम पेट्रोल वाढवतो, ॲव्हरेज पडतं, कॅट तापून जातो. स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम (ईसीएमने वाढवलेलं पेट्रोल) कायम दहा टक्क्यांच्या वर दिसत असेल तर सेन्सर बदलण्याआधी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

गरम होण्याची परीक्षा महामार्गावर घेऊ नका. तिथे वारा मदत करतो. मे महिन्यात, दुपारी, एसी पूर्ण लावून अर्धा तास गाडी एका जागी उभी चालवा. ट्रॅफिकमध्ये अडकल्यासारखी. तापमान चढून फॅनमुळे उतरायला हवं. फॅन पूर्ण फिरूनही उतरत नसेल तर पाण्याच्या सिस्टीममध्ये हवा अडकलीय किंवा फॅनचं कवच कापून टाकलंय. कवचाशिवाय फॅन रेडिएटरच्या फक्त गोलाएवढ्या भागातून हवा ओढतो.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर फाउंडेशनचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा कसा, एक्सलच्या बुटांवर ग्रीस उडालंय का बघा. आणि पहिल्या जोरदार पावसानंतर ईसीएमचा कपलर उघडून पाहा. ऐरोली-वाशीच्या खाडीकडची हवा खारी असते. पिनांवर हिरवट दिसू लागलं तर कुठल्यातरी जोडातून पाणी तारेच्या आतून चढतंय, आणि तो जोड कपलरपासून फूटभर लांबही असू शकतो.