बोटांना आठवणारी खेळणी

रविवार, रात्री

आज दिवसभर भोवऱ्याची जाळी आठवत होती. भोवरा त्या मानाने कमीच. घट्ट पिळाची सुती दोरी, एका टोकाला गाठ, धूळ आणि घाम लागून काळपट झालेली. आरेपासून, म्हणजे भोवऱ्याच्या खालच्या खिळ्यापासून, सुरुवात करायची आणि एकेक फेरा आधीच्या फेऱ्याला चिकटवत वर न्यायचा. मध्ये फट नको, फेऱ्यावर फेरा नको. जाळी सैल बसली की भोवरा हातातून सुटायच्या आतच दोरी मोकळी व्हायची आणि तो जमिनीवर नुसता गडगडत जायचा. हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मी दादाच्या बोटांकडे बघत बसायचे आणि मग आपल्या बोटांनी तसंच करून पाहायचे. दादा हवेतल्या हवेत भोवरा तळहातावर घ्यायचा, हातजाळी. ती मला खूप उशिरा जमली. पहिल्यांदा जमली तेव्हा तळहातावर आर टोचत फिरत होती, गुदगुल्या होत होत्या, आणि तरी हात जराही हलवायचा नव्हता.

त्या भोवऱ्याचा रंग काही आज खात्रीने सांगता येत नाही. पट्टे होते, बहुतेक लाल. पण गाठ मधल्या बोटांत अडकवल्यावर बसणारा ताण अजून तसाच्या तसा आहे.

लहानपणची आवडती खेळणी आठवू लागले की दर वेळी हेच होतं. चित्र पुसट आणि स्पर्श स्वच्छ. मला वाटतं, त्या खेळण्यांमध्ये स्वतःचं बळ नव्हतं म्हणून असं होत असावं. बॅटरी नव्हती, वायर नव्हती. खेळण्यात जी काही गती यायची ती आमच्या मनगटातून, खांद्यातून, अंगठ्यातून गेलेली असायची. जेवढं द्यावं तेवढंच ते परत करायचं. म्हणून ते हातात राहिलं.

फिरता भोवरा कलला तर पडायला हवा, आणि तो पडत नाही. पृथ्वी त्याला खाली ओढते आणि तो मात्र कललेल्या अंगाने सावकाश गोल फिरू लागतो, जणू त्याचा अक्षच हवेत एक शंकू काढतो. याला परांचन म्हणतात हे पुढे शिकले. आपली पृथ्वीसुद्धा अशीच कललेली फिरते, आणि तिच्या अक्षाची एक फेरी पुरी व्हायला सुमारे 26,000 वर्षं लागतात. त्यामुळे ध्रुवताऱ्याचा मानही कायम एकाच ताऱ्याकडे राहत नाही. हे वर्गात ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे फळ्यावरची आकृती नव्हती, अंगणातला भोवरा होता.

नील्स बोर आणि वोल्फगांग पाउली या भौतिकशास्त्रज्ञांचा एक फोटो आहे, स्वीडनमधल्या लुंडचा. दोघंही नोबेल मिळालेले, दोघंही सुटाबुटात, आणि दोघंही वाकून जमिनीवरच्या एका भोवऱ्याकडे बघतायत. तो उलटणारा भोवरा: फिरवला की थोड्या वेळाने आपोआप डोक्यावर होतो आणि देठावर फिरत राहतो. त्या फोटोतलं त्यांचं वाकणं मला फार ओळखीचं वाटतं. आम्ही अगदी तसेच वाकायचो.

सोमवार

चावीच्या खेळण्यांबद्दल लिहायचं राहिलं होतं.

आमच्याकडे पत्र्याचा एक बेडूक होता आणि एक मोटार होती. दोघांची चावी पोटाशी. चावी देताना आतून कट्-कट् असा आवाज यायचा. आत एक छोटं खिटकं असतं, ते दातेरी चाकाला उलटं फिरू देत नाही, त्याचा तो आवाज. आत गुंडाळलेली पोलादी पट्टी आवळत जाते, आणि सोडली की उलगडताना दातेरी चाकं फिरवते. आता पुढे फिरवायचं नाही, ही जागा अंगठ्याला नेमकी कळायची. त्याच्या अलीकडे थांबलं तर बेडूक लवकर दमायचा.

मोटारीत ड्रायव्हर होता, पण तो काचेवरच छापलेला. आधी सपाट पत्र्यावर रंगीत छपाई करायची आणि मग साच्यात दाबून आकार द्यायचा, अशी ही खेळणी बनायची. म्हणून खिडक्या, प्रवासी, दिवे सगळं चित्रातलंच. कडेच्या बारीक जिभा समोरच्या खाचेतून काढून वाकवल्या की दोन अर्धे एकमेकांना धरून बसतात, स्क्रूची गरज नाही. जर्मनीतलं न्युरेंबर्ग या खेळण्यांचं मोठं केंद्र होतं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून पत्र्याची खेळणी जगभर गेली. आमची मोटार कुठली होती कोण जाणे. दादाने एका दुपारी त्या जिभा सरळ केल्या आणि मोटार उघडली. आतली पट्टी, चाकं, सगळं तेलकट, चकचकीत. बाहेरच्या रंगीत ड्रायव्हरपेक्षा मला आतलंच जास्त सुंदर वाटलं, आजही वाटतं. मग आम्ही ती पुन्हा बंद केली आणि ती पहिल्यासारखी चालली.

रिमोटच्या गाड्या मला आवडतात, भाचा खेळतो तेव्हा मीही बसते. पण बटण हळू दाबा किंवा जोरात, गाडी तेवढीच पळते. चावीच्या बेडकाला आपण किती दिलं ते कळायचं. शेवटच्या उड्या लहान लहान होत जायच्या, एक उडी तर अर्ध्यातच अडकायची, आणि मग आम्ही त्याला बोटाने हलकेच टोचायचो. बहुतेक वेळा पोटात आणखी एक उडी शिल्लक निघायची.

बुधवार

आज पत्र्याची बोट. हिच्यावर मन जरा जास्तच रेंगाळतं, आणि गंमत म्हणजे ही हातावर चालणारी नव्हतीच.

बोटीच्या पोटात एक चपटी डबी, तिला दोन बारीक नळ्या, नळ्यांची तोंडं मागच्या बाजूला पाण्याखाली. आधी नळीतून थेंब थेंब पाणी डबीत भरायचं. हे काम माझ्याकडे असायचं, कारण माझी बोटं बारीक होती. मग डबीखाली पेटती वात सरकवायची आणि बोट परातीत सोडायची. क्षणभर काहीच व्हायचं नाही. सगळे श्वास धरून. आणि मग एकदम पट-पट-पट करत ती निघायची, परातीच्या काठाला धडकायची, वळायची, पुन्हा निघायची.

हिची यंत्रणा मी मोठी झाल्यावर वाचली आणि जीव सुखावला. डबीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते. वाफ नळ्यांत शिरली की थंड होऊन पुन्हा पाणी होते, दाब उतरतो आणि बाहेरचं पाणी परत आत ओढलं जातं. हे सेकंदाला अनेकदा. डबीचा पातळ पत्रा आत-बाहेर होतो, तो तिचा आवाज. पण मग पाणी जेवढं बाहेर तेवढंच आत, तर बोट पुढे का जाते? कारण बाहेर जाताना पाणी सरळ धारेने मागे जातं, आणि आत येताना मात्र नळीच्या तोंडाभोवतालच्या सगळ्या दिशांनी गोळा होतं. बाहेर पडताना धक्का एकाच दिशेला, आत येताना तो विखुरलेला. या बोटीचं पेटंट टॉमस पियो यांनी 1891 साली घेतलं. एकही फिरता भाग नसलेलं इंजिन, आणि ते मुलांच्या परातीत! मला हे आजही अद्भुत वाटतं.

आमची बोट शेवटी गंजली. डबीला भोक पडलं. तरी बरेच दिवस आम्ही ती नुसतीच पाण्यावर ठेवून तोंडाने पट-पट करायचो.

शुक्रवार

बघायच्या खेळण्यांचा विषय वेगळा, पण त्यांतही हात होताच.

व्ह्यू-मास्टर म्हणजे डोळ्यांना लावून चित्रं बघायचं खेळणं. त्याची चकती गोल, तिच्या कडेला इवलीशी 14 चित्रं. पण देखावे 7 च. एकाच देखाव्याची दोन चित्रं चकतीवर समोरासमोर बसवलेली, एक डाव्या डोळ्याचं, एक उजव्या. दोन्ही डोळ्यांत थोडंसं अंतर असतं, म्हणून प्रत्येकाला जग किंचित वेगळं दिसतं. त्या दोन वेगळ्या चित्रांतून मेंदू खोली तयार करतो. 1939 साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र लोकांपुढे आलं. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. खिडकीकडे तोंड करायचं, बाजूचा दांडा खट्कन दाबायचा आणि डोंगर पुढे यायचा, मागचं आकाश मागेच राहायचं. ढग आला की आमच्या डोंगरावरही ढग यायचा, कारण आतला उजेड आमच्या खिडकीचाच होता.

कॅलिडोस्कोप आत्याने घरी केला होता. आरशाच्या तीन लांब पट्ट्या, आरसे आत येतील असा त्यांचा त्रिकोण, वरून पुठ्ठा आणि दोरा, एका तोंडाला तेल लावलेला कागद. आत फुटक्या बांगड्यांचे तुकडे. प्रकाशाच्या ध्रुवीकरणावर काम करणाऱ्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी 1817 साली याचं पेटंट घेतलं, आणि दोनशे वर्षांनीही तो पुठ्ठ्यात, दोऱ्यात कुणालाही करता येतो. मला त्यातली नक्षी आठवत नाही. आठवतं ते नक्षी दादाला दाखवायला नेणं. ती मोडू नये म्हणून हात ताठ धरून, पाय न उचलता घासत, दार कोपराने उघडत मी या खोलीतून त्या खोलीत जायचे. बहुतेक वेळा उंबऱ्याशी एक तुकडा घरंगळायचाच.

जादूची पाटी थोडक्यात. वर करडा पातळ पडदा, खाली काळं मेण. लिहायचं, पडदा उचलायचा, चर्र आवाज आणि सगळं गायब. मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडने 1925 साली या पाटीवर एक लेख लिहिला. वरचं पुसलं तरी खालच्या मेणावर काठीचा माग राहतोच, आणि आपली स्मृतीही तशीच असावी, असं त्याचं म्हणणं. मी पाटी उन्हात तिरकी धरून ते माग वाचायचे. एकावर एक इतकी नावं असायची की एकही लागत नसे.

रविवार

सागरगोटे लिहिलेच नव्हते. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे टिपायचे, आधी एकेक, मग दोन-दोन, शेवटी सगळे एका मुठीत, आणि वरचा झेलायचा. पीटर ब्रूगेलने 1560 साली काढलेलं मुलांच्या खेळांचं चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्याचा फोटो मी मोठा करून बघितला. डाव्या कोपऱ्यात खाली दोघीजणी बसल्यात, हाडांचे सागरगोटे खेळतायत. चित्रात भोवरेही आहेत, आणि काठीने पळवायची चाकंही. मी त्या दोघींच्या हातांकडेच बराच वेळ बघत राहिले. त्या बोटांना काय वाटत असेल ते मला माहीत होतं.

आणि बटणाचं भिरभिरं. मोठं बटण, दोन भोकांतून ओवलेला दोरा, दोन्ही टोकं दोन हातांत. आधी गरागरा फिरवून पीळ द्यायचा, मग ओढायचं, सोडायचं, ओढायचं. ताल सापडला की दोरा स्वतःच हात आत खेचू लागतो आणि बटण घूं घूं करतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांच्या गटाने याच खेळण्यावरून कागदाचं एक यंत्र बनवलं आणि 2017 साली त्याबद्दल शोधनिबंध लिहिला. कागदाच्या तबकडीवर रक्ताची बारीक नळी लावायची आणि दोरा ओढत राहायचं. मिनिटाला 1,25,000 फेऱ्यांपर्यंत वेग जातो, दीड मिनिटात रक्तातला द्रव वेगळा होतो. वीज लागत नाही, त्यामुळे वीज नसलेल्या ठिकाणीही मलेरियाच्या तपासणीला ते उपयोगी पडू शकतं. हे वाचलं तेव्हा इतका आनंद झाला की दादाला लगेच फोन केला. तो म्हणाला, "अगं, वेग तर आपणही काढायचो, मोजला नाही इतकंच."

पुतणी शनिवारी येतेय. जुन्या कोटाचं मोठं बटण काढून ठेवलंय. शिवणाचा दोरा चालणार नाही, चार ओढींत तुटतो. चौपदरी करून आधी पीळ घालून बघते. लांबी तिच्या हातांच्या मापाने ठेवायला हवी, माझ्या नाही.