पेले कोण विसळतं?

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. त्या दिवशी चर्चचा कारभार पाहणारी पंच मंडळी कोटाची बटणं लावून पुढच्या बाकावर बसतात, आणि टेबलावर शुभ्र कापडाखाली ट्रे झाकून ठेवलेले असतात. एका ट्रेला चाळीस भोकं. प्रत्येक भोकात काचेचा पेला, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाएवढा. प्रार्थना होते, भाकर फिरते, मागोमाग द्राक्षरस फिरतो, शेवटचं गीत होतं आणि मंडळी बाहेर चप्पल-गाड्यांच्या गर्दीत मिसळतात. दीडशे-दोनशे उष्टे पेले मागे उरतात. त्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न कुणाला पडत नाही. पडला तरी लोक तो घेऊन मागच्या मोरीपर्यंत येत नाहीत.

खरं तर सगळं शुक्रवारी रात्रीच सुरू होतं. काळ्या मनुका निवडायच्या, देठ काढायचे, धुऊन भिजत घालायच्या. शनिवारी त्याच पाण्यात उकळायच्या, कुस्करायच्या आणि मलमलच्या फडक्यातून गाळायच्या, तेही दोनदा. एकदाच गाळला तर पेल्याच्या तळाशी साका बसतो आणि उपासनेनंतर कुणीतरी म्हणतंच, "आज रस जरा गढूळ होता, नाही?" पातेलं रात्रभर परातीतल्या पाण्यात ठेवायचं, कारण मुंग्या पहिला रविवार कधी चुकवत नाहीत. सकाळी पावाच्या कडा कापून चौकोनी तुकडे करायचे. कडांवर हक्क संडेस्कूलच्या पोरांचा. एरवी वर्गाला हमखास उशिरा येणारी ही पोरं त्या दिवशी मागच्या दाराशी अगदी वेळेवर हजर असतात.

पेले भरणं हा वेगळाच प्रकार. किटलीनं ओतलं तर निम्मा रस ट्रेमध्ये. म्हणून मावशींनी केमिस्टकडून बिनसुईची मोठी सिरिंज आणून ठेवली आहे. या मावशी नक्की कुणाच्या, हे आता कुणी विचारत नाही. आमचे धर्मगुरू पाळकसाहेबसुद्धा त्यांना मावशीच म्हणतात. सिरिंजनं त्या सगळे पेले एका पातळीला भरतात, कमी नाही की जास्त नाही. विसळण्याचंही तंत्र आहे. रस वाळला की तळाला चिकटतो आणि पेल्यात बोट जात नाही. मग विणायच्या सुईला चिंधी गुंडाळून ती आत फिरवायची, गरम पाण्यातून दोनदा काढायचं आणि स्वच्छ पंच्यावर पालथे घालायचे. साबण नावापुरता. त्याचा वास राहिला तर पुढच्या महिन्यात पहिला घोट घेताना पाळकसाहेबांचा चेहरा सांगतो.

हे सुटे पेले काही फार जुने नाहीत. शतकानुशतकं एकच प्याला हातोहात फिरायचा. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये थॉमस वेल्च नावाचे एक दंतवैद्य होते. ते मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे होते आणि आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची व्यवस्था पाहायचे. दारूविरोधी मंडळींना टेबलावर वाइन नको होती, म्हणून १८६९ साली त्यांनी द्राक्षरस न आंबता टिकवण्याची युक्ती काढली. पुढे १८९०च्या दशकात रोगजंतूंची धास्ती पसरली आणि तिकडच्या चर्चमध्ये प्रत्येकाला वेगळा पेला मिळू लागला. मोठी सोय झाली. वेल्च यांचं नाव तर रसाच्या बाटल्यांवर आजही आहे. मात्र जिथे एक प्याला पुसून ठेवला की भागत होतं, तिथे दोनशे पेले विसळायला माणूस लागू लागलं. त्या माणसाचा विचार त्या सुधारणेत कुणी केला असेल, असं मला वाटत नाही.

मूळच्या भोजनाची तयारी येशूने पेत्र आणि योहान या शिष्यांवर सोपवली होती, असं लूक आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, लिहितो. म्हणजे व्यवस्थापन समितीत दोन्ही बडे पुढारी! त्यांना सांगितलं होतं, पाण्याची घागर घेतलेला एक माणूस भेटेल, त्याच्या मागे जा. त्या माणसाचं नाव कुणी टिपलं नाही. पाय धुतले ते स्वतः येशूने, हे योहान तपशिलात सांगतो. जेवणानंतर भांडी कुणी घासली यावर मात्र चारही शुभवर्तमानं गप्प आहेत. मला आपला त्या घागरवाल्याचाच संशय येतो.

बायबलातल्या, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राच्या अगदी शेवटी एक माणूस ओळीपुरतं डोकं वर काढतो. हे पत्र लिहून घेणारा मी तर्तिय, माझाही सलाम घ्या, म्हणतो. सोळा अध्याय दुसऱ्याचं ऐकून उतरवल्यावर माणसानं एवढं तरी म्हणू नये का? आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं. त्या १९२२ साली गेल्या आणि पुरा ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. तो केडगावला त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमाच्याच छापखान्यात तयार झाला, तिथल्याच बायकामुलींच्या हातून. त्यातल्या कितीतरी जणी दुष्काळातून आणि वैधव्यातून तिथे पोचलेल्या. शिशाचा खिळा म्हणजे उलटं अक्षर. ते चिमटीत धरून एकेक ओळ जुळवायची, छापून झाली की सोडवून पुन्हा खणात टाकायची. आपण नाव रमाबाईंचं घेतो आणि ते घ्यायलाच हवं. पण काना-मात्रा चुकू नये म्हणून डोळे फोडून घेतले ते या मुलींनी, आणि तर्तियाइतका सलामसुद्धा त्यांच्या वाट्याला आला नाही.

अशा कामाला आमच्याकडे 'नम्र सेवा' म्हणायची पद्धत आहे. एकदा तसं म्हटलं की आपण मोकळे, ट्रे उचलायला नको. मावशींना जवळून पाहिलेला माणूस मात्र त्यांना नम्र म्हणणार नाही. एका पंचांनी मोठ्या मनानं सुनेला मदतीला धाडलं, तर दहा मिनिटांत तिची पाठवणी झाली. कारण काय, तर ती पेला आतून पुसत होती आणि कडा तशीच सोडत होती. "ओठ कडेला लागतात गं बाई, तळाला नाही." यात तोरा आहे, आणि माझ्या मते तो असायलाच हवा. हातातलं काम ज्याला पक्कं येतं त्यानं मान खाली घालून वावरावं, ही अपेक्षा ज्यांना ते येत नाही त्यांचीच असते.

करोनानंतर कुणीतरी सीलबंद पेल्यांची टूम काढली. प्लॅस्टिकचा पेला, वर चकतीसारखा वेफर, त्यावर चांदीचा कागद. विसळणं संपलं, असं सगळ्यांना वाटलं. पण ऐन शांततेच्या क्षणी दीडशे कागद एकदम करकरले, म्हाताऱ्यांना ते सोलता येईनात, आणि उपासनेनंतर बाकांखालचं प्लॅस्टिक वेचायला पुन्हा मावशीच. "औषधासारखं लागतं," एवढाच त्यांचा शेरा. पुढच्या महिन्यात काचेचे पेले परत आले.

यंदा वार्षिक सभेत मावशींना शाल द्यायचं घाटत होतं. एरवी आभारप्रदर्शनात त्यांचा नंबर 'ज्यांची नावं अनवधानानं राहिली' यांच्यात लागतो, तेव्हा ही बढतीच म्हणायची. सेक्रेटरी विचारायला गेले तेव्हा त्या पेले पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शाली घरी चार आहेत. मोरीवर गीझर बसवा. डिसेंबरात बोटं गोठतात."

कमिटीत त्यावर बरीच चर्चा झाली. शाल मंजूर झाली. गीझरचा विषय खर्चाचा असल्यामुळे पुढच्या बैठकीवर ठेवला आहे.