सड्याचा फोटो

घरात पाहुणे ठेवणाऱ्या कोकणातल्या कुटुंबांना पर्यटनाचा आराखडा करून देणं हे माझं काम. त्यासाठी मी पाहुण्यांपुढे परिसराचे बारा फोटो मांडतो आणि आवडीप्रमाणे लावायला सांगतो. समुद्रकिनारा, माडाची बाग, भातखाचरं, व्हाळ, कौलारू घर. राजापूर तालुक्यातल्या त्या वाडीत सड्याचा, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या माळाचा, फोटो दरवेळी तळाला जायचा. आराखड्यातून मी सडा वगळलाच होता. यजमान काकांचंही तेच म्हणणं: "सातबाऱ्यावर पोटखराबा आहे, लागवडीचा उपयोग नाही. चिरेखाणवाला मागतोय, देऊन टाकू."

याच तालुक्यात कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तिथं लोक शोधत येतात. काकांच्या सड्यावर शिल्प नाही.

सप्टेंबरातला तो दिवस. समुद्र खवळलेला, म्हणून काकू म्हणाल्या, "सड्यावर तरी फिरवून आणा." पुण्याचं कुटुंब होतं, सोबत आजी. कातळाच्या खळग्यांत पाणी साचलेलं, कडेला सीतेची आसवं ही रानफुलं निळी झालेली, मध्ये गेंद या रानफुलाचे पांढरे ठिपके. आजी एका जागी गुडघ्यांवर बसल्या. दवबिंदूचं रोप, पानावरच्या तांबड्या केसांच्या टोकाला चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं चिलट अजून पाय हलवत होतं. नातवंडं पालथी पडून बघत राहिली. तासाभरानं मीच म्हटलं, चला.

संध्याकाळी ओटीवर फोटो मांडले. सडा पुन्हा तळाला! मी चकित झालो. आजींनी फोटो उचलला. "हा कुठला उजाड माळ? आपण गेलो तो दाखवा ना."

तो एप्रिलातला फोटो होता, मीच काढलेला. भातखाचरांचा मात्र ऑगस्टमधला. पाहुण्यांना सडा आवडत नाही, असं मी वर्षभर लिहीत आलो होतो, आणि त्यांना सडा मी दाखवलाच नव्हता. फार वाईट वाटलं. माझ्या त्या कागदाच्या भरवशावर काका जमीन खाणीला देणार होते.

रात्री त्यांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या विहिरीचं पाणीही सड्यातनंच झिरपतं म्हणा."

सकाळी त्यांनी खाणवाल्याला फोन लावला. "दिवाळीनंतर बोलू." मी कॅमेरा घेऊन पुन्हा सड्यावर गेलो.