सगळं होतं, फक्त आईचा ईमेल नव्हता

शनिवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी मी होड्या भाड्याने देणाऱ्या एका दुकानाच्या काउंटरवर उभी होते, आणि साडेदहा वाजताही तिथेच उभी होते. महिना झाला तरी त्या अडीच तासांचा राग उतरत नाही, म्हणून लिहितेय.

बेत अगदी आरामाचा होता. कॅनडातलं अल्गोंक्विन पार्क, तिथलं ओपिऑंगो तळं, एक रात्र मुक्काम. मी, नवरा आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली माझी आई. अट एकच, पोर्टेज नको. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायला होडी डोक्यावर घेऊन रानातून चालायचं, त्याला पोर्टेज म्हणतात. दोन वर्षांपूर्वी कनू लेकवरून जो लेकला जाताना आम्ही जेमतेम २९५ मीटरचं पोर्टेज केलं, आणि नवऱ्याची कंबर दिवाळीपर्यंत धरलेली होती. ओपिऑंगो हे पार्कातलं सगळ्यात मोठं तळं. गाडी थेट काठापर्यंत जाते. होडी पाण्यात लोटायची, वल्हवत जायचं, काठावरच्या जागेवर तंबू ठोकायचा.

डोक्यावर काही घ्यायचं नाही म्हटल्यावर आमच्या सामानाला धरबंद राहिला नाही. आईने बिडाचा तवा घेतला, भाजणी घेतली, पाटसुद्धा घेत होती, तो मी गाडीतून काढला. तंबू ठोकायच्या परमिटांचं बुकिंग पाच महिने आधी सकाळी सातला उघडतं, तेव्हाच उठून काढलं होतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कनू, म्हणजे वल्ह्यांची लांबट होडी, मात्र वाटेवरच्या त्या दुकानातून भाड्याने ठरवली होती. फोनवर विचारलं, "फॉर्म वगैरे काही?" तर उत्तर आलं, "इथे आल्यावर भरा, दोन मिनिटांचं काम आहे." म्हणून पहाटे साडेचारला मिसिसागाहून, म्हणजे आमच्या घरून, निघालो. घाई एवढ्याचसाठी, की ओपिऑंगोवर दुपारी वारा उठतो आणि उघड्या पाण्यावर लाटा उसळतात. सकाळी नऊपर्यंत पाण्यात, अकरापर्यंत तंबूत, असा हिशोब होता.

काउंटरवर टॅबलेट. काही झालं तर जबाबदारी आपली, अशा फॉर्मवर प्रत्येक प्रौढ माणसाने स्वतंत्र सही करायची. माझं झालं, नवऱ्याचं झालं. आईचं नाव टाकलं. जन्मतारीख आली तशी आई हळूच म्हणाली, "माझा जन्म आषाढातला गं, पण शाळेत एक जून लावलाय. कुठला सांगू?" कागदावरचा लावला. मग पत्ता. काउंटरवरच्या मुलाचं म्हणणं, ओळखपत्रावरचाच हवा. पासपोर्टवर सांगली. प्रांतांच्या यादीत महाराष्ट्र कुठून असणार, ओंटारियो निवडलं. पिनकोड टाकला ४१६४१६, रकाना लाल. इथला कोड एक अक्षर, एक आकडा असा चालतो; नुसते आकडे त्या फॉर्मला पचेनात. शेवटी आमचाच कोड टाकला. म्हणजे आईचा पत्ता झाला सांगली, ओंटारियो.

आणि मग ईमेल. प्रत्येकाच्या स्वतःच्या ईमेलवर एक लिंक येते, ती दाबल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. माझा टाकला तर "हा आधीच वापरला आहे". आईचा ईमेल आहे, भाच्याने फोन घेतला तेव्हा काढून दिलेला. पासवर्ड कोणालाच माहीत नाही. बदलायला गेलो तर ओटीपी तिच्या भारतातल्या नंबरवर, आणि ते सिमकार्ड मिसिसागाला, देवघराच्या खणात. सांगलीला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा, भाचा क्रिकेट खेळायला गेलेला. नवा ईमेल काढू म्हटलं, तर नंबरची खातरजमा, आणि दुकानात मोबाईलची रेंज अशी की एक कांडी दिसायची आणि आपण बघितलं की जायची. नवरा फोन हातात धरून पार्किंगमध्ये इकडून तिकडे फिरत होता. आमच्या मागे आलेले तीन गट होड्या गाडीवर बांधून निघूनही गेले.

"कागदावर सही घे ना," मी त्या मुलाला म्हटलं. तो म्हणाला, आम्ही आता कागद वापरत नाही. "मग आईचं भाडं घेऊ नकोस, सामान म्हणून धर." तो हसला, पण सिस्टिम पुढे जात नाही म्हणाला. माझा आवाज चढला होता हे कबूल करते. त्या पोराचा दोष नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं, पण समोर तोच होता. आई बाकावर बसून शांतपणे शेंगदाण्याचा लाडू खात होती. "अगं, सही करायला मी इथे बसलेय की जितीजागती. ह्यांना ईमेलच कशाला हवाय?"

सव्वादहाला मालकीणबाई आल्या. सगळं ऐकून घेतलं, खालचा खण ओढला, पिवळा पडलेला एक छापील फॉर्म काढला आणि पेन पुढे केलं. विम्याला सही लागते, ईमेल नाही, एवढंच बोलल्या. आईने मराठीत सही केली, ठसठशीत बाळबोध. वेळ लागला एक मिनिट. मला रडू यायचं बाकी होतं.

तर आई-वडील इथे आले असतील तर त्यांच्या नावाचा ईमेल आपल्या नंबरवर घरीच काढून ठेवा, आणि दुकानाकडून फॉर्मची लिंक आदल्या आठवड्यातच मागून घ्या. "इथे आल्यावर भरा" ह्या वाक्यावर विश्वास ठेवू नका.

होडीचंही इथेच सांगते. पोर्टेज नसेल तर केव्हलर नावाच्या हलक्या धाग्याच्या कनूचे जास्त पैसे मोजायची गरज नाही, जड होडी पाण्यात जास्त ठाम बसते. तिघांना सतरा फुटी घ्या, तिसऱ्याने मधे खाली बसायचं. लाइफ जॅकेट, शिट्टी, पाणी उपसायचा डबा आणि १५ मीटरची तरंगणारी दोरी हे कायद्याने लागतं. दुकान देतं, पण मोजून घ्या.

ओपिऑंगोला पोचेपर्यंत सव्वाबारा. होडी लोटतो त्या स्प्रूल बे नावाच्या खाडीत पाणी बरं होतं. पण खाडीच्या तोंडाशी आलो आणि समोर सगळ्या तळ्यावर पांढरा फेस. काठाला लागलो, तास-दीड तास झाडाखाली बसून दशम्या खाल्ल्या. सकाळी नऊला हेच पाणी आरशासारखं असणार, हे मी किती वेळा बोलून दाखवलं ते नवऱ्याने मोजलं, म्हणे अकरा वेळा.

वारा जरा मऊ झाल्यावर काठ धरूनच निघालो. आईचं माहेर कृष्णाकाठचं, होड्यांच्या शर्यती बघत वाढलेली. मधे बसून तिने सूत्रं हातात घेतली. "लाटेला कूस देऊ नकोस, नाक तिच्याकडे ठेव. आणि जावईबापू, तुम्ही जरा गुडघ्यावर बसा." जावईबापू बसले, आणि होडीचं डोलणं खरंच कमी झालं.

परमिट तळ्याच्या एका भागापुरतं असतं, ठरावीक जागेचं नाही. काठावर नारिंगी पाटी दिसली की ती मुक्कामाची जागा, आधी येईल त्याची. पहिल्या तीन पाट्यांवर तंबू उभे होते. एका ठिकाणी तर दुकानात आमच्या मागे उभा असलेला गटच होता, त्यांनी ओळखून हात केला. मी केला नाही. चौथी जागा मिळाली तेव्हा पाच वाजत आले होते. अनंत चतुर्दशी होऊन गेली की तिथे साडेसातच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे तंबू, लाकडं आणि स्वयंपाक सगळं दोन-अडीच तासांत.

संध्याकाळ छान गेली. सप्टेंबरात डासही जवळजवळ नसतात. बिडाच्या तव्यावर थालीपिठं झाली. लोणचं मी घरीच प्लॅस्टिकच्या डब्यात काढलं होतं, कारण गाडी पोचत नाही अशा, पार्काच्या आतल्या मुक्कामांवर काचेच्या बाटल्या आणि टिनचे डबे चालत नाहीत. रात्री लून नावाचे पाणपक्षी ओरडायला लागले, तेव्हा आईला डॉलरच्या नाण्यावरचा पक्षी हाच म्हणून सांगितलं. खाण्याची पिशवी अस्वलासाठी उंच टांगली. १९९१ साली ह्याच तळ्यातल्या बेट्स आयलंडवर अस्वलाने दोघांचा जीव घेतला होता, ते मात्र घरी आल्यावर सांगितलं.

रविवारी सहालाच उठलो. पाणी तेलासारखं गुळगुळीत. आदल्या दिवशी जेवढ्याला अडीच तास लागले, ते अंतर पाऊण तासात कापलं. आईने अर्धा रस्ता वल्हंसुद्धा मारलं.

होडी परत करायला गेलो तर तोच मुलगा. त्याने वल्ही मोजली, जॅकेटं मोजली, डबा बघितला आणि झालं म्हणाला. मी विचारलं, सही? तर म्हणे, परत करताना सही लागत नाही. आईने उरलेले दोन लाडू त्याच्या हातावर ठेवले. मी गाडीत जाऊन बसले.